पावसाळ्यात राखेतला कार्बन वाढतो, ऑक्सिजन मात्र 3.5 दाखवतो: नेमकं कुठे बघायचं

कोळशाच्या वीजकेंद्रातल्या बॉइलरचं लक्षण असं. जून संपेपर्यंत सगळं ठीक. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लॅबमधून धुराबरोबर उडणाऱ्या राखेचा, म्हणजे फ्लाय अ‍ॅशचा रिपोर्ट येतो आणि एरवी एक टक्क्याच्या आसपास असणारा न जळलेला कार्बन अडीच-तीनवर गेलेला असतो. राख करड्याची काळपट झालेली. कंट्रोल रूममध्ये बघावं तर इकॉनॉमायझरच्या (जाणाऱ्या गॅसच्या उष्णतेवर बॉइलरचं पाणी तापवणाऱ्या नळ्यांच्या) आउटलेटचा ऑक्सिजन दोन्ही बाजूंना 3.5 टक्के, फर्नेस प्रेशर जागेवर, लोड जागेवर. मग ठरलेलं वाक्य येतं, "कोळसाच ओला आहे, काय करणार?" आणि ठरलेला उपाय होतो: एफडी फॅन (बॉइलरला हवा पुरवणारा पंखा) वाढवा. ऑक्सिजन 4.5 करा, मग 5. एलओआय (राख जाळल्यावर घटणारं वजन, म्हणजे न जळलेल्या कार्बनचं माप) थोडा उतरतो, दोन दिवसांनी परत तिथेच. तोवर आयडी फॅनला (धूर ओढणाऱ्या पंख्याला) पुढे जागा उरलेली नसते, फ्लू गॅसचं (बाहेर जाणाऱ्या धुराचं) तापमान चढलेलं असतं, रिहीटरचा स्प्रे (परत तापवलेली वाफ थंड करायचं पाणी) वाढलेला असतो. ऑक्टोबरात कोळसा वाळतो, आकडे खाली येतात, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पुढच्या जुलैत पुन्हा तेच.

विदर्भातल्या एका 210 मेगावॅटच्या संचावर मी हे सलग काही पावसाळे पाहिलं. एकलहरे, खापरखेडा, भुसावळ, चंद्रपूर, कुठेही 210 च्या टँजेन्शियल फायरिंगच्या, म्हणजे चारही कोपऱ्यांतून कोळसा फुंकणाऱ्या, बॉइलरवर उभं राहिलेल्या माणसाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. ओला कोळसा हे कारण खोटं नाही. पण पावसाळ्यात जसं जुनं गुडघ्याचं दुखणं वर येतं, तसं ओल्या कोळशाने बॉइलरमधलं आधीपासूनचं दुखणं वर येतं. आमच्याकडे ती दोन निघाली, आणि दोन्ही हवेचीच होती. हवा कमी पडत नव्हती, नको तिथून येत होती. म्हणून एफडी वाढवून काही साधत नव्हतं.

आधी हिशेब, म्हणजे हे किती महाग पडतं ते कळेल. कोळशाची उष्मांक किंमत किलोला 3,400 किलोकॅलरी, राख 38 टक्के, त्यातली 80 टक्के फ्लाय अ‍ॅश धरा. राखेत 1 टक्का कार्बन असेल तर बॉइलरच्या कार्यक्षमतेतून सुमारे 0.73 टक्का जातो. 3 टक्के असेल तर 2.2. फरक दीड टक्क्याचा. पूर्ण लोडवर ताशी दीडशे टन कोळसा खाणाऱ्या संचात हा ताशी सव्वादोन टन होतो, दिवसाला चोपन्न. एवढा कोळसा आपण खाणीतून काढतो, वॅगनमधून आणतो, दळतो, आणि राखेबरोबर बंधाऱ्यात नेऊन टाकतो. कोळशातलं पाणी वाफ होऊन जाताना जी उष्णता नेतं ती वेगळी. ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर त्यात साधारण 0.9 टक्का जातो, आणि तिथे आपल्या हातात फारसं काही नसतं. म्हणूनच जे हातात आहे ते सोडू नये.

पहिलं काम चाळणीचं

काहीही फिरवण्याआधी राख चाळा. ईएसपीच्या (विजेच्या भाराने धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राच्या) पहिल्या फील्डच्या हॉपरमधून डावीकडची आणि उजवीकडची राख वेगवेगळी घ्या. एकाच हॉपरची राख घेऊन पूर्ण बॉइलरचं निदान करू नका. दोन्ही नमुने 200 मेशच्या, म्हणजे 75 मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. वर राहिलेल्या राखेचा एलओआय वेगळा, खाली पडलेल्या राखेचा वेगळा.

उदाहरण धरा: शंभर ग्रॅमपैकी 25 ग्रॅम वर राहिली, तिचा एलओआय 9 टक्के. खालच्या 75 ग्रॅमचा 0.8. म्हणजे एकूण 2.85 ग्रॅम कार्बनपैकी 2.25 ग्रॅम वरच्या जाड्याभरड्या भागात आहे. हे दुखणं दळणाचं: कण मोठे गेले, जळायला वेळ पुरला नाही. फर्नेसमध्ये कणाला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. याउलट खालची बारीक राखसुद्धा दीड-दोन टक्के दाखवत असेल तर दळण दोषी नाही. बारीक कणही जळला नाही, याचा अर्थ त्याला ऑक्सिजनच भेटला नाही. तिथे हवेकडे बघायचं. डावी-उजवी बाजू वेगळी निघाली तर एखाद्या कोपऱ्यात कोळसा जास्त किंवा हवा कमी जातेय.

अर्ध्या दिवसाचं काम आहे. आम्ही ते पहिली दोन वर्षं केलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. आमच्याकडे दोन्ही भाग वाढलेले निघाले, जाड जास्त आणि बारीकही बऱ्यापैकी. म्हणजे दोन्हीकडे शोधावं लागलं.

मिल: थंड हवेचा डॅम्पर खरंच बंद आहे का?

ओला कोळसा मिलमध्ये (कोळसा दळणाऱ्या चक्कीत) आला की आउटलेटचं तापमान पडतं. आपल्या कोळशाला ते साधारण 75 ते 85 अंश असावं. पावसात 60-65 ला येऊन बसतं. ऑपरेटर गरम हवेचा डॅम्पर पूर्ण उघडतो, थंड हवेचा पूर्ण बंद करतो. तरी तापमान चढत नाही. मग तो प्रायमरी एअरच (कोळसा वाळवून बर्नरकडे नेणारी हवा) वाढवतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं, कारण नाहीतर मिल चोक होते. पण ताशी 30 टन कोळशाला 55 टन हवेऐवजी 68-70 टन हवा गेली की मिलमधला वेग वाढतो, क्लासिफायर (भरडा कोळसा वेगळा करणारा भाग) जो कण परत खाली टाकणार होता तो हवेबरोबर वर निघून जातो. 200 मेशमधून 70 टक्के जाणारं दळण 60-62 वर येतं. त्याहून वाईट म्हणजे 50 मेशवर, म्हणजे 300 मायक्रॉनवर, दोन टक्क्यांच्या आत राहायला हवा तो भरडा चार-पाच टक्के होतो. शिवाय बर्नरच्या तोंडाशी वेग वाढल्याने ज्योत नोझलपासून लांब पेटते. मोठा कण, उशिरा पेटलेला. तो राखेत काळाच येणार.

आता आमची चूक. डेस्कवर थंड हवेचा डॅम्पर शून्य टक्के दाखवत होता आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवून बसलो होतो. एकदा दुपारच्या शिफ्टला आमचे एक जुने फिटरमामा म्हणाले, "साहेब, काट्याकडे नका बघू, शाफ्टच्या टोकाकडे बघा." डॅम्परच्या शाफ्टच्या टोकाला एक कापलेली खाच असते, ती आतल्या पात्याची खरी दिशा दाखवते. बाहेरचा काटा आणि लिंकेज घसरलं तरी खाच खोटं बोलत नाही. टॉर्च मारून काजळी पुसली, आणि खाच आडवी असायला हवी होती ती तिरकी होती. पातं अंदाजे पाचवा भाग उघडं. डक्टला हात लावून बघितला (इन्सुलेशन नसलेल्या जागी, आणि आधी हाताची मागची बाजू लांबूनच धरून): खालच्या बाजूला डक्ट थंडगार, म्हणजे हवा चालू. सहा मिलपैकी तिघींचं असंच होतं. गरम हवेत आपणच थंड हवा मिसळत होतो आणि मग तापमान चढत नाही म्हणून आणखी हवा ओतत होतो.

डॅम्पर नीट बसवल्यावर त्याच ओल्या कोळशावर आउटलेटचं तापमान सत्तरीच्या पुढे गेलं आणि प्रायमरी एअर खाली आणता आली. हिवाळ्यात हा दोष का दिसत नव्हता? कारण कोरड्या कोळशाला तशीही थोडी थंड हवा लागतेच. डॅम्पर चोरून जी हवा देत होता ती तेव्हा खपून जायची.

डॅम्पर बरोबर असूनही गरम हवा पुरेशी गरम नसेल तर एअर प्रीहीटरचे (धुराच्या उष्णतेवर हवा तापवणाऱ्या यंत्राचे) सील बघा. मग मिल उघडायची वेळ आली की: क्लासिफायरची सगळी पाती एकाच कोनात आहेत का, आतल्या कोनला (शंकूला) भोक पडलंय का, रोलर आणि बाऊलमधलं अंतर, स्प्रिंगचा दाब, रोलर किती तास चाललाय. आपल्या गोंडवानी कोळशात राख कणाकणात मिसळलेली असते, क्वार्ट्‌झ भरपूर. त्याने लोखंड झिजतं, आणि कोनला पडलेलं मुठीएवढं भोक पूर्ण क्लासिफायर निकामी करतं: भरडा कोळसा सरळ तिथून वर जातो.

दळणाचा नमुना चारही कोल पाइपांतून घ्या. एका पाइपाचा नमुना घेऊन मिलवर निकाल देणं म्हणजे एक शीत चाचपून चार पातेल्यांचा भात शिजला म्हणणं. भात एका पातेल्यात असेल तर ठीक. पाइपातल्या ऑरिफिस (वाटणी सारखी ठेवणाऱ्या भोकाच्या चकत्या) झिजल्या असतील तर एका कोपऱ्यात दीडपट कोळसा आणि समोरच्या कोपऱ्यात तेवढाच कमी जातो, आणि मिलचा एकूण आकडा मात्र बरोबर येतो. नुसत्या हवेवर चार पाइपांतला वेग सरासरीच्या दोन टक्क्यांत, कोळसा चालू असताना हवेचा पाच टक्क्यांत आणि कोळशाचा दहा टक्क्यांत असावा. उपकरणं नसतील तर निदान पीपहोलमधून बघा, निळी काच लावून. ज्या कोपऱ्याची ज्योत मळकट आणि वर फर्नेसच्या तोंडाशी फुलबाजीसारख्या ठिणग्या उडताना दिसतात, तिथे भरडा जातोय. फर्नेस प्रेशर हेलकावे खात असेल तेव्हा मात्र पीपहोल उघडू नका. एका झोताने चेहरा जातो. मी तसा भाजलेला सहकारी पाहिला आहे.

ऑक्सिजनचा आकडा कोणाचा आहे?

हा भाग जास्त फसवा आहे, म्हणून सावकाश.

ऑक्सिजन मोजणारा झिर्कोनिया प्रोब बसतो इकॉनॉमायझरच्या आउटलेटला. आपल्याला हवा असतो फर्नेसमधला ऑक्सिजन. मधे सुपरहीटर, रिहीटर, सेकंड पास (गॅस खाली उतरतो तो मार्ग), इकॉनॉमायझर. आणि हा पूर्ण मार्ग सक्शनमध्ये असतो. फर्नेसमध्ये उणे 5 ते 10 मिलिमीटर पाणी, पुढे वाढत जाऊन इकॉनॉमायझरपाशी त्याच्या कितीतरी पट. जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती ज्योतीला भेटत नाही, कोळशाला भेटत नाही, थेट प्रोबला भेटते. प्रोब म्हणतो ऑक्सिजन भरपूर आहे. तो खरंच बोलतो, पण त्याच्या जागेचं.

गणित करून बघा. फर्नेसमधून गॅस 2 टक्के ऑक्सिजनने निघाला आणि वाटेत त्याच्या साडेआठ टक्के हवा आत शिरली तर प्रोबपाशी 3.5 दिसेल. 3.5 म्हणजे 20 टक्के जादा हवा, असं आपण धरून चालतो. ज्योतीला मिळते आहे साडेदहा टक्के. एखाद्या कोपऱ्यात कोळसा जास्त असेल तर तिथे ऑक्सिजन शून्यावर आणि कार्बन मोनॉक्साइड हजारांच्या पीपीएममध्ये. किलोभर कार्बन पूर्ण जळला तर 8,080 किलोकॅलरी देतो, मोनॉक्साइडवरच थांबला तर जेमतेम 2,400. वर अशा हवेविना जागी राख लवकर वितळते, वॉटरवॉलला क्लिंकर धरतं, ट्यूबही खाल्ल्या जातात.

शोधायचं कसं? सर्वात चांगलं म्हणजे पाण्याने थंड ठेवलेला एचव्हीटी प्रोब फर्नेसच्या तोंडाशी घालून आडव्या रेषेत ऑक्सिजन, मोनॉक्साइड आणि तापमान मोजणं. ते शक्य नसेल तर इकॉनॉमायझर आउटलेटला डक्टच्या रुंदीत जाळीसारखे बिंदू घेऊन हातातल्या अ‍ॅनालायझरने मोजा. ऑक्सिजन 3.5 आणि सोबत मोनॉक्साइड 300-400 पीपीएम, असं जोडीने दिसलं की समजा हवा मागून शिरते आहे, किंवा आत वाटणी बिघडली आहे. नीट जळणाऱ्या बॉइलरमध्ये एवढ्या ऑक्सिजनला मोनॉक्साइड शंभराच्या खाली असतो. त्याआधी प्रोबचं कॅलिब्रेशन करून घ्या, हे सांगायला नको.

मग फेरी. याला काही महागडं लागत नाही. आम्ही बांबूच्या काठीला वीतभर सुतळीचा उकललेला धागा बांधला आणि रात्रपाळीत, आवाज जरा कमी असताना, वरपासून खाली उतरत आलो. रात्री दोनच्या सुमाराला सेकंड पासच्या मॅनहोलपाशी तो धागा आधी थरथरला आणि मग सपकन दाराच्या कडेला चिकटला, जसा कुणी आतून धरून ओढला. कान जवळ नेला तर बारीक शीळ. दाराचे दोन बोल्ट गायब, आतली दोरीची गॅस्केट अर्धी. मागच्या शटडाउनला ट्यूब तपासायला दार उघडलं होतं, घाईत बंद केलं होतं, एवढंच. त्याच फेरीत एका एक्स्पान्शन जॉइंटचं कापड खालच्या कडेला सडलेलं मिळालं. वरच्या पत्र्यातून पावसाचं पाणी दोन-तीन वर्षं त्यावर ठिबकत होतं. बॉइलरच्या माथ्यावरच्या पेंटहाऊसमधल्या छताच्या ट्यूबांभोवतीचं सीलिंग, सूट ब्लोअरचे (काजळी उडवणाऱ्या नळ्यांचे) भिंतीतले वॉल बॉक्स, आणि खाली फर्नेसच्या तळाशी पाण्याचा सील ट्रफ: एवढ्या जागा तर बघाच. ट्रफमध्ये राख साचून पाणी उथळ झालं की तिथून येणारी थंड हवा फर्नेसच्या मधोमध वर चढते आणि ज्योतीत मिसळतही नाही.

आणखी एक सवय. ज्योत बाहेर येऊ नये म्हणून काही शिफ्ट फर्नेस उणे 20 ला ठेवतात. भीती समजण्यासारखी आहे, पण जितकं सक्शन जास्त तितकी प्रत्येक फट जास्त हवा ओढते. उणे 5 ते 10 वर ठेवता येत नसेल तर त्याचं कारण शोधा.

एअर प्रीहीटरची गळती प्रोबच्या पुढची, त्यामुळे ती आकडा बिघडवत नाही, आयडी फॅनचं बळ मात्र खाते. प्रीहीटरमध्ये आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या गॅसचा ऑक्सिजन मोजा, फरकाला 21 वजा बाहेरचा ऑक्सिजन याने भागा, 90 ने गुणा. आत 3.5 आणि बाहेर 6.5 असेल तर गळती साडेअठरा टक्के, आणि सील बदलायला हवेत.

एफडी वाढवण्याने चिमणीतून काय जातं

"जादा हवा दिली तर नुकसान काय, थोडी उष्णता जाईल" असं म्हणणाऱ्यांसाठी हे. पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेनुसार 2003 अखेरपर्यंतच्या संचांना नॉक्सची (नायट्रोजनच्या ऑक्साइडांची) मर्यादा 600 मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे, 2004 ते 2016 मधल्यांना आधी 300 होती ती 2020 मध्ये 450 झाली, आणि 2017 पासूनच्यांना 100. कोळशातल्या नायट्रोजनचा नॉक्स बर्नरपाशी जास्त ऑक्सिजन मिळाला की वाढतो. चिमणीत गळतीची हवा मिसळून आकडा लहान दिसेल असं वाटत असेल तर तसं होत नाही, कारण मोजमाप 6 टक्के ऑक्सिजनवर आणूनच धरतात: 9 टक्के ऑक्सिजनला 400 वाचलं तर हिशेबात 500 येतं.

धुळीचंही तसंच. गॅसचं आकारमान वाढलं की ईएसपीतला वेग वाढतो. राखेत कार्बन असेल तर तो कण प्लेटवर विद्युतभार धरून राहत नाही, सुटतो आणि चिमणीकडे जातो. ती धूळ आसपासच्या गावांच्या कपाशीवर, घराच्या कौलांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. आपल्यातले कित्येकजण त्याच गावांत राहतात. सिमेंटसाठी जाणाऱ्या राखेला आयएस 3812 मध्ये एलओआयची मर्यादा 5 टक्के आहे, आणि काळपट राख दिसली की बल्करवाला (राख नेणारा टँकर) परत फिरतो. न उचललेली राख मग बंधाऱ्यात.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला. बदल केल्यावर हॉपर पूर्ण रिकामे करा, एक शिफ्ट जाऊ द्या, मगच नमुना घ्या. नाहीतर जुनीच राख तपासाल आणि "काही फरक नाही" म्हणून योग्य दुरुस्ती उलटी फिरवाल. आम्ही हे एकदा केलं आहे.

बर्नर टिल्ट (बर्नरचा वर-खाली कल) आणि वरच्या मिलही ध्यानात ठेवा. रिहीटचं तापमान मिळत नाही म्हणून टिल्ट वर करून ठेवला असेल आणि वरची मिल चालू असेल तर वरच्या कोळशाला जळायला वेळच उरत नाही. शक्य असेल तिथे खालच्या मिल चालवा. विंडबॉक्सचे (बर्नरना हवा वाटणाऱ्या पेटीचे) डॅम्पर चारही कोपऱ्यांत सारखे आहेत का, तेही शाफ्टच्या खाचेवरूनच बघा.

दळण आणि गळती दोन्ही जागेवर आली की ऑक्सिजन खाली आणायला सुरुवात करा. पाव-पाव टक्क्याने, प्रत्येक पायरीवर अर्धा तास थांबून, नजर मोनॉक्साइडवर ठेवून. तो चढायला लागला की एक पायरी मागे. आमचा संच पुढच्या पावसाळ्यात 3.3 वर चालला आणि राखेतला कार्बन दीडच्या खाली राहिला. हिवाळ्याएवढा नाही, कारण कोळसा ओलाच होता. एफडीला मात्र कुणी हात लावला नाही.

एक अडचण तुम्हालाही येईल. गळती शोधायला सक्शन लागतं, आणि दुरुस्ती करायला संच बंद लागतो. म्हणून धाग्याची फेरी शटडाउनच्या आठवडाभर आधी, संच पूर्ण लोडवर असतानाच मारा. जिथे धागा ओढला जाईल तिथे पिवळ्या ऑइल पेंटने फुली करा. खडू पावसात धुतला जातो. फुल्यांची यादी वर्क परमिटला जोडा, आणि मॅनहोलचं दार बंद होताना बोल्ट स्वतः उभं राहून मोजा.